एसएसडी घातल्यापासून लॅपटॉप उठेना, जुनी डिस्क परत लावली तरी उठेना

खानापूरची झेरॉक्सवाली · सोमवार, रात्री

नमस्कार. खानापुरात माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नाच्या, वास्तुशांतीच्या, यात्रेच्या पत्रिका करते. काही मराठी, काही कन्नड, आणि बऱ्याच दोन्ही भाषांत, कारण नवरी खानापूरची असली तरी पाहुणे धारवाड-बैलहोंगलकडचे असतात. हे सगळं काम २०१४ साली घेतलेल्या एका लॅपटॉपवर चालतं. विंडोज सेव्हन, पत्रिका मांडायला पेजमेकर, मराठी टाइप करायला श्रीलिपी, कन्नडला नुडी. दहा-अकरा वर्षांच्या पत्रिका त्यात आहेत. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "थोरलीच्या लग्नात केलेली तशीच करा, नावं तेवढी बदला."

अलीकडे तो चालू व्हायला फार वेळ घ्यायचा. सकाळी बटण दाबून मी चहा ठेवायची. चहा गाळेपर्यंत डेस्कटॉप आला तर नशीब. भाचा बेळगावात इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "मावशी, एसएसडी घाल, रॅम वाढव, पळतंय बघ." मलाही पटलं. बेळगावातून तीन वस्तू आणल्या: २४० जीबीची एसएसडी (जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क), ८ जीबीची रॅम (चालू कामाची मेमरी) आणि नवी बॅटरी. जुनी बॅटरी दहा मिनिटंसुद्धा टिकत नव्हती. आधी त्यानं जुन्या डिस्कचा क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, एसएसडीवर मारला. मग काल दुपारी मागच्या खोलीत लॅपटॉप उघडला, स्क्रू चहाच्या बशीत काढून ठेवले आणि तीनही वस्तू एकदमच बदलल्या. मधे लाईट गेली, त्यामुळे तीनेक तास तो तसाच उघडा, बॅटरी-चार्जरशिवाय पडून होता.

त्यानंतर काय काय झालं ते क्रमानं सांगते.

बटण दाबलं. दिवा लागला, पंखा तीन-चार सेकंद फिरला आणि बंद. मग आपोआप परत चालू, परत बंद. स्क्रीन काळी ती काळीच. नवी रॅम काढली, मूळची ४ जीबीची पट्टी तेवढी ठेवली. आता कंपनीचं चिन्ह आलं, पण त्याच्याखाली "नो बूटेबल डिव्हाइस", म्हणजे विंडोज उठवायला डिस्कच सापडत नाही. भाच्याचा चेहरा पडला. म्हणाला, जाऊ दे मावशी, होतं तसं करून देतो. जुनी डिस्क लावली, जुनी रॅम होतीच. तरी तेच, "नो बूटेबल डिव्हाइस"!

म्हणजे शनिवारी रात्रीपर्यंत चालणारी डिस्क रविवारी दुपारी मेली? कान लावला तर फिरल्याचा आवाज नेहमीसारखाच येतोय. आणखी एक गंमत म्हणजे बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा सेटिंगचा स्क्रीन) गेलं की तारीख १ जानेवारी २०१४ दाखवतो. त्या हिशेबानं आमच्या बेळगावचं सरकारदरबारी अजून बेळगावी व्हायचंय.

भाच्याची आज परीक्षा होती म्हणून तो पहाटेच्या गाडीनं गेला. इथं महालक्ष्मी यात्रेची पत्रिका अर्धी राहिली आहे आणि कमिटीची माणसं दोनदा येऊन गेली. "छापायला गेली आहे" असं खोटं सांगितलंय. कुणी वाट दाखवेल का?

शहापूर कट्टा · सोमवार, रात्री

अकरा वर्षांच्या लॅपटॉपवर किती खर्च करणार? नवा घ्या, हप्त्यावर मिळतो. विषय संपला.

खानापूरची झेरॉक्सवाली · सोमवार, रात्री

दादा, नवा घ्यायचा तर घेऊ हो. पण नव्यात विंडोज सेव्हन येत नाही, माझी जुनी सॉफ्टवेअरं त्यात बसत नाहीत, आणि जुन्या फाँटातली पत्रिका दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की "श्री गणेशाय नमः"च्या जागी बाराखडीचा चिवडा दिसतो. हजारभर पत्रिका परत टाइप करायला तुम्ही येणार असाल तर उद्याच नवा घेते.

निपाणीचा रिपेरीवाला · सोमवार, रात्री उशिरा

ताई, एक गोष्ट आधी ऐका. हा लॅपटॉप घेऊन कुठल्याही दुकानात जाऊन "विंडोज मारून द्या" म्हणू नका. विंडोज मारली, म्हणजे नव्यानं टाकली, की पत्रिका गेल्या. तुमची डिस्क जिवंत आहे, असा माझा अंदाज आहे. तिला हात लावू नका.

तुम्हाला एक बिघाड दिसतोय, मला दोन तरी दिसतात, कदाचित तीन, एकावर एक चढलेले. तीन वस्तू एका बैठकीत बदलल्या की असंच होतं. कुठली वस्तू बोंबलली ते कळत नाही, आणि मग माणूस घाबरून सगळंच उलटं करतो. भाच्याला रागावू नका. मी पंधरा वर्षं हेच करतोय, पहिल्या दोन वर्षांत मीही असेच लॅपटॉप आडवे पाडलेत.

पंखा फिरून बंद पडतो, परत फिरतो, स्क्रीन काळी. हे रॅमचं लक्षण. मशीन रॅम ओळखायचा प्रयत्न करतं, जमलं नाही की पहिल्यापासून सुरुवात करतं. नव्या पट्टीवरचं लेबल बघा. तिथं "पीसी३" लिहिलंय की "पीसी३एल"? ते एल अक्षर महत्त्वाचं. एल असलेली रॅम १.३५ व्होल्टवर चालते, बिनाएलची १.५ व्होल्टवर. दोन्हीला पिना २०४च, खाच त्याच जागी, त्यामुळे पट्टी खटकन बसते आणि माणसाला वाटतं बरोबर आहे. तुमचा २०१४ चा म्हणजे चौथ्या पिढीचा प्रोसेसर असणार, त्याला एलवालीच लागते. मूळच्या ४ जीबीच्या पट्टीवर काय लिहिलंय तेही कळवा.

आता दुसरं. तुम्ही गंमत म्हणून तारीख सांगितली ना, त्यातच उत्तर आहे. आत एक बटणाएवढा सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. मनगटी घड्याळातल्यासारखा, जरा मोठा. लॅपटॉप बंद असताना घड्याळ आणि बायोसचं सेटिंग तो सांभाळतो. दहा वर्षांत तो संपतोच. पण मोठी बॅटरी किंवा चार्जर लागलेला असेपर्यंत हे लक्षात येत नाही, कारण तोवर तिकडून करंट मिळत राहतो. रविवारी तुम्ही दोन्ही काढून तीन तास ठेवलं. सेल मेलेला. मशीन सगळं विसरलं आणि कारखान्यातून आलं तेव्हाच्या सेटिंगवर गेलं. सगळ्याच लॅपटॉपांत असं होतं असं नाही, काहींत सेटिंग वेगळ्या चिपवर टिकून राहतं. पण तारीख मागं गेली आणि त्याच दिवशी डिस्क सापडेना झाली, तर मी आधी इकडंच बघतो.

उद्या एवढंच करा. चार्जर आणि बॅटरी काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, सोडा. मूळची रॅम आणि जुनी डिस्क ठेवा. चार्जर लावून बायोसमध्ये जा आणि बघा: डिस्कचं नाव तिथं दिसतं का? बूट मोडच्या (विंडोज कुठल्या पद्धतीनं उठवायची ते सेटिंग) पुढं काय लिहिलंय? सिक्युअर बूट (खात्री नसलेली विंडोज उठू न देणारं कुलूप) चालू आहे की बंद? काही बदलू नका, फोटो काढा.

आणि हो, रॅम काढाल तेव्हा तिची सोनेरी किनार बघून घ्या. तुमच्याकडं पाऊस कसला असतो ते मला ठाऊक आहे, कणकुंबीला एकदा चार दिवस अडकलो होतो. दमट हवेनं ती किनार मळते. मऊ कापडानं पुसा. आमच्याकडं खोडरबर मारायची पद्धत आहे, मीही मारतो, पण त्याचा भुगा खाचेत पडला तर नवीन दुखणं.

खानापूरची झेरॉक्सवाली · मंगळवार, दुपारी

दादा, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. मुलीनं मोबाइलचा टॉर्च धरला, मी चष्मा लावून वाचलं.

मूळची पट्टी: पीसी३एल. नवी पट्टी: पीसी३. एल नाही. दोन्ही शेजारी ठेवल्या तर जुळ्या बहिणी वाटतात. एका अक्षरापायी रविवार गेला.

बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसतंय, ५०० जीबी वगैरे सगळं. बूट मोड: यूईएफआय. सिक्युअर बूट: एनेबल्ड.

निपाणीचा रिपेरीवाला · मंगळवार, दुपारी

मग झालं. डिस्क दिसतेय, म्हणजे मेलेली नाही. मशीन तिला चुकीच्या भाषेत हाक मारतंय एवढंच. कन्नड माणसाला कोकणीत हाक मारल्यासारखं. तुमचा लॅपटॉप घेतला तेव्हा विंडोज एट घेऊन आला असणार आणि नंतर कुणीतरी तुमच्यासाठी विंडोज सेव्हन मारली. बरोबर? तेव्हा त्या माणसानं बूट मोड लेगसी (जुनी पद्धत, यूईएफआय ही नवी) केला आणि सिक्युअर बूट बंद केला. ते सेटिंग रविवारी पुसलं गेलं.

आधी सिक्युअर बूट बंद करा, नाहीतर लेगसीचा पर्याय फिका दिसतो, निवडताच येत नाही. मग लेगसी करा. तारीख-वेळही घाला. एफ-टेन दाबून सेव्ह करा. साटा मोड, म्हणजे डिस्कच्या जोडणीचं सेटिंग, त्याला मात्र हात लावू नका, आणि सगळं केल्यावर निळी पाटी (विंडोज कोलमडल्याचा निळा स्क्रीन) आली तर परत इथं या.

खानापूरची झेरॉक्सवाली · मंगळवार, दुपारी

उठला!!

पाच मिनिटं घेतली, पण उठला. सगळ्यात आधी यात्रेची पत्रिका पेन ड्राइव्हवर घेतली, मग बाकीच्या पत्रिका. मघाशी कमिटीतले एक काका आले, त्यांना स्क्रीनवर देवीचा फोटो दाखवला, ते हात जोडून गेले. त्यांना काय माहीत दोन दिवस काय चाललं होतं.

बरोबर आठवलं तुमचं. आधी विंडोज एटच होती, माझ्या धाकट्या दिरानं बदलून आणली होती. खात्री करायला मी परत बॅटरी आणि चार्जर काढून अर्धा तास ठेवला. परत लावला तर १ जानेवारी २०१४, परत यूईएफआय. म्हणजे सेलच.

तो सेल कसा बदलायचा? आणि एसएसडीचं काय? लेगसी करून ती लावून बघितली, आता निराळंच येतंय: "बूटएमजीआर इज मिसिंग".

मूळचा टिळकवाडीचा, हल्ली पुण्यात · मंगळवार, रात्री

ताई, दोन दिवस नुसता वाचत होतो. निपाणीच्या काकांनी अवघड भाग सोडवलाय, मी उरलेल्यात हात घालतो.

आधी एक प्रश्न: कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. ३२-बिट लिहिलंय का? जुनी डीटीपी सॉफ्टवेअरं आहेत म्हणून मला शंका आहे. तसं असेल तर ८ जीबीची रॅम बदलून एलवाली आणण्याच्या भानगडीत पडू नका. ३२-बिट विंडोज सेव्हन ४ जीबीच्या वर रॅम वापरतच नाही. त्यातलीही थोडी ग्राफिक्सला वगैरे जाते, म्हणून बहुतेकांना "३ पॉइंट काहीतरी युजेबल" असं दिसतं. तुमच्याकडे ४ आहे, म्हणजे पोट भरलेलं आहे. त्या पट्टीचे पैसे परत मागा. यूईएफआयमध्ये तुमची विंडोज का उठली नाही तेही यातच आलं: ३२-बिट सेव्हनला तो मोड चालतच नाही, तिला लेगसीच हवं.

आता एसएसडी. भाच्यानं क्लोन मारताना फक्त सी ड्राइव्ह घेतला असणार. ५०० जीबीची डिस्क २४० मध्ये अख्खी मावत नाही, म्हणून त्यानं डोकं लावून सीच तेवढा घेतला. पण विंडोज सेव्हन बसवताना डिस्कच्या सुरुवातीला बहुतेक वेळा १०० एमबीचं एक लपलेलं पार्टिशन (डिस्कचा कप्पा) बनतं, सिस्टिम रिझर्व्ह्ड नावाचं. त्याला अक्षर नसतं म्हणून माय कॉम्प्युटरमध्ये दिसत नाही. विंडोजला उठवणारी फाइल तिथं असते, तिचंच नाव बूटएमजीआर. घर उचलून नेलं आणि किल्ली जुन्या उंबऱ्यावर राहिली.

भाचा आला की त्याला सांगा: एसएसडी रिकामी कर, क्लोनच्या सॉफ्टवेअरमध्ये सिस्टिम रिझर्व्ह्ड आणि सी दोन्हीवर टिक कर, आधी लहान, मग सी. उरलेल्या जागेत नवा डी बनव आणि लागतील तेवढे फोल्डर हातानं कॉपी कर. पहिलं पार्टिशन ॲक्टिव्ह (विंडोज इथून उठव अशी खूण केलेलं) आहे ना ते बघ. आणि क्लोन झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना एकटी एसएसडीच ठेव, जुनी डिस्क यूएसबीला लोंबकळत ठेवू नकोस. दोघींवर एकच सही (विंडोज डिस्क ओळखते तो नंबर) असते. विंडोजला एका सहीच्या दोन डिस्क सापडल्या की ते एकीला ऑफलाइन करतं, आणि मग आणखी एक धागा काढावा लागतो.

जाता जाता, विंडोज सेव्हनला १४ जानेवारी २०२० नंतर मायक्रोसॉफ्टकडून सामान्य ग्राहकांना सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. पत्रिका करा खुशाल. पण गिऱ्हाइकाचं बँकेचं काम, आधार, पहाणी उतारा हे त्यावर उघडू नका. इंटरनेटची वायर काढूनच ठेवा. पेन ड्राइव्ह आत-बाहेर करताना तर फारच सांभाळून.

खानापूरची झेरॉक्सवाली · मंगळवार, रात्री

३२-बिटच आहे. ३.४ काहीतरी युजेबल लिहिलंय. म्हणजे ती रॅम बरोबर असती तरी फुकटच होती! बेळगावच्या दुकानात कुणी विचारलंच नाही की ताई, विंडोज कुठली. आमचंही चुकलं, आम्हीही सांगितलं नाही.

इंटरनेटचं कळलं. सरकारी अर्जांसाठी दुसरा कॉम्प्युटर आहे, त्यावरच करते.

निपाणीचा रिपेरीवाला · बुधवार, सकाळी

सेलबद्दल. लॅपटॉपात तो बहुतेक दोन प्रकारे असतो. एक, नुसता खोबणीत बसवलेला. नखानं निघतो, नवा बसवा, अधिक चिन्ह वर. दुसरा, काळ्या किंवा पिवळ्या प्लास्टिकात गुंडाळलेला, त्याला लाल-काळी वायर आणि टोकाला बारीक पिन. दुसरा असेल तर वायरीसकट तयार मिळतो तोच घ्या. जुन्याच्या वायरी काढून नव्या सेलला सोल्डरचा डाग देणारे लोक आहेत. सेल तापला की फुटतो, तसलं करू देऊ नका. काढल्यावर कुणाकडं मल्टिमीटर असेल तर मोजून बघा. नव्याला तीनच्या वर दाखवतो, अडीचच्या खाली गेला की माझ्या हिशेबी संपला.

आणि बदलताना परत सेटिंग जाणार हे धरून चाला. कागदावर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा: लेगसी, सिक्युअर बूट बंद. पुढच्या दहा वर्षांनी कुणीतरी तुम्हाला दुवा देईल.

खानापूरची झेरॉक्सवाली · रविवार, रात्री

मंडळी, शेवटचं कळवते.

सेल वायरीवाला निघाला. स्टेशनकडच्या टीव्ही रिपेरीवाल्या काकांनी मोजला, ०.८ व्होल्ट. म्हणाले, "हे केव्हाच देवाघरी गेलंय, वहिनी." नवा बेळगावातून भाच्यानं आणला. त्यानंच काल क्लोन परत मारला, या वेळी शंभर एमबीवाल्यासकट. मी शेजारी बसून दर वेळी विचारत होते, "सहीवाली डिस्क काढलीस का?" तो वैतागला, पण काढली.

आज सकाळी बटण दाबलं आणि सवयीनं आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. साखर घालेपर्यंत मुलगी ओरडली, "आई, आला!" पाणी कोमटसुद्धा झालं नव्हतं. पेजमेकर तर क्लिक केल्या केल्या उघडतोय, मला आधी खरंच वाटेना.

जुनी डिस्क एका डबीत घालून कपाटात ठेवली आहे, वर चिठ्ठी: पत्रिका २०१४ पासून, पुसू नये. रॅमचे पैसे दुकानदार परत देईना. बरीच हुज्जत झाली, आधी मराठीत, मग कन्नडमध्ये. शेवटी त्याच्या बदल्यात माऊस आणि ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन आले. यात्रेच्या पत्रिका शुक्रवारीच छापून गेल्या.

निपाणीचे दादा, तुमच्या कुणाची पत्रिका असेल तर सांगा. माझ्याकडून.

अथणीचा विद्यार्थी · सोमवार, सकाळी

वरचं सगळं वाचून माझ्या जुन्या रॅमचं लेबल बघितलं, त्यावर नुसतं पीसी३ आहे, एल नाही. लॅपटॉप २०१२ चा, तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर. ६४-बिट आहे. आता आणखी ४ जीबी घालायची आहे. मला एलवाली मिळतेय, चालेल का?

निपाणीचा रिपेरीवाला · सोमवार, दुपारी

तिसऱ्या पिढीला दोन्ही चालतात. एलवाली रॅम १.५ व्होल्टवरही चालते, म्हणून जुन्या पट्टीशेजारी बसते. उलटं चालत नाही, ते ताईंनी दाखवलंच. पण एक पट्टी घाल, चालू करून बघ, मग झाकणाचे स्क्रू लाव. आणि पैसे द्यायच्या आधी दुकानातूनच लेबलाचा फोटो इथं टाक.